लाल रेघ, निळी रेघ

टेलिफोनची घंटा वाजली आणि समोर बसलेली बाई खुर्चीतून उठून थेट भिंतीला जाऊन टेकली.

खाजगी चौकशीची कामं घेणाऱ्या सौम्या जगतापनं फोन उचलला. होणाऱ्या जावयाची चौकशी करून हवी असलेल्या एका बापाचा होता. 'उद्या करा' म्हणून तिनं तो ठेवला आणि सरळ वायरच उपटून काढली.

"आता नाही वाजणार. बसा."

बाई बसली, पण खुर्ची वळवून, दाराकडे पाठ होणार नाही अशी. सुखदा आगाशे तिचं नाव. दोन वर्षांपूर्वी ती नवऱ्याबरोबर पुण्याहून बेंगळुरात आली. नवरा शंतनु इंदिरानगरात एका गुंतवणूक सल्लागाराकडे आकडेमोडीचं काम करायचा. गेल्या शनिवारपासून तो इस्पितळात बेशुद्ध पडून होता.

"ऑफिसच्या मागच्या जिन्यावरून पडला. लोखंडी, गोल जिना आहे. वीज गेली होती. पोलीस म्हणतात, पाय घसरला."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"मीही तेच म्हटलं असतं. पण मग मला फोन कोण करतंय?"

कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेले देवाप्पा मोहिते कॉफीचा पेला तोंडाशी नेता नेता थांबले. देवाप्पा निवृत्त हेडकॉन्स्टेबल. मिशा जंगी, काळीज सशाचं. पोलिसात इतकी वर्षं कशी काढली ते त्यांनाही सांगता आलं नसतं. वयानं सौम्याच्या वडिलांएवढे, पण बेंगळुरातल्या चामराजपेटेच्या रिवाजाप्रमाणे तिला अक्का म्हणायचे. ती त्यांना मामा म्हणायची आणि नको तितकं राबवायची.

"मी दुपारी अंघोळीला घरी जाते, तेव्हा येतो," सुखदा म्हणाली. "रोज. दबका आवाज. एकच वाक्य. 'अक्का, शुद्ध आली का?' कोण बोलतंय विचारलं की ठेवून देतो."

"मराठीत?"

"मराठीत. आणि मागे काहीतरी ठोकत असतात. ठण, ठण, ठण. हातोडी घेऊनच बसलाय असं वाटतं." तिनं पदर मुठीत आवळला. "शंतनु शुद्धीवर आला तर कोणी ढकललं ते सांगेल. म्हणून कुणीतरी वाट बघतंय. मॅडम, मला आता त्याच्या शुद्धीवर येण्याचीच भीती वाटायला लागलीय. बायकोला असं वाटावं का हो?"

सौम्यानं पेला पुढे सरकवला.

"त्याच्या वागण्यात काही बदल?"

सुखदा अवघडली. "भंगार गोळा करायला लागला होता. रविवारच्या जुन्या बाजारात एक मंजुघोष रेडिओ दिसला. त्याच्या वडिलांकडे तसाच होता म्हणे. तिथेच खिळल्यासारखा उभा राहिला. पुढच्या रविवारी दीपशिखा टॉर्च आणला, गरुडध्वज सायकलची घंटा, वनराणी साबणाचा पत्र्याचा डबा. टेबलावर मांडून बसायचा. एकदा म्हणाला, 'मी यांना विसरलो होतो, सुखदा.' मला वाटलं, कामाचा ताण डोक्यात गेला."

"चालू होत्या वस्तू?"

"रेडिओ नाही. टॉर्चची मागची स्प्रिंग सैल होती. मीच टिकल्यांच्या पाकिटाचा पुठ्ठा घडी करून आत घातला, तेव्हा कुठे पेटला. लहान मुलासारखा खूश झाला." तिचे डोळे भरले. "शनिवारी ते सगळं पिशवीत घालून ऑफिसात निघाला. सोमवारी मंडळाच्या लोकांसमोर मांडणार होता. 'मग तुलाही कळेल,' म्हणाला."

मंडळ म्हणजे चामराजपेटेचं मराठी मंडळ. कित्येक पिढ्यांपासून इथे राहिलेल्या घरांनी थोडं थोडं करून मुलींच्या वसतिगृहासाठी पैसा साठवला होता. शंतनुच्या मालकानं, अजित दाभोळकरनं, तो आपल्या 'दशरत्न' योजनेत लावायचं सुचवलं होतं. शंतनु पडल्यामुळे सोमवारची बैठक पुढे गेली. सह्या आता येत्या शनिवारी होत्या.

"आज बुधवार," सौम्या म्हणाली आणि चप्पल घालायला उठली.

*

पोलीस ठाण्यात देवाप्पांच्या हाताखाली तयार झालेला एक जण होता. त्यानं शंतनुची कापडी पिशवी बाहेर काढली. रेडिओ, सायकलची घंटा, साबणाचा डबा. पिशवी जिन्याच्या वरच्या पायरीवर, कुलूप लावलेल्या दाराशी होती. शंतनु खाली. त्याच्या आजूबाजूला चष्मा आणि एक चप्पल, बस.

"कुलूप उघडायला पिशवी खाली ठेवली असणार," देवाप्पा म्हणाले. "आणि तोल गेला. साधं आहे, अक्का."

"साधंच आहे, मामा. पिशवी घ्या."

*

अजित दाभोळकरचं ऑफिस म्हणजे इंदिरानगरातला एक बंगलाच होता. भिंतभर एक तक्ता. त्यावर दोन रेघा. निळी हेलकावे खात वर जाणारी, लाल तिच्या कितीतरी वर, ऐटीत.

"निळी म्हणजे सेन्सेक्स," अजित म्हणाला. चाळिशीचा, मुंबईचा, टाय लावलेला. "लाल म्हणजे दशरत्न. दर वर्षी बाजारातले पडेल भावाचे दहा शेअर घ्यायचे, वर्षानं विकायचे, नवे पडेल दहा घ्यायचे. पंधरा वर्षांचा हिशेब शंतनुनं जुने पेपर चाळून मांडलाय. सेन्सेक्सच्या दुप्पट परतावा, मॅडम."

"जास्त फायदा म्हणजे जास्त धोका, असं आम्ही ऐकतो."

"तीच तर गंमत आहे." तो खुलला. "ब्याण्णव साली बाजार निम्म्यावर आला. बघा निळी रेघ कशी कोसळलीय. आम्ही जेमतेम पाचवा हिस्सा खाली. पंधरा वर्षांत आमच्या दहांतली एकही कंपनी बुडली नाही. एकही!"

"पडेल कंपन्याच घेता, आणि एकही बुडत नाही? नशीबवान आहात."

"नशीब नाही, पद्धत."

सौम्यानं पिशवीतल्या तिन्ही वस्तू टेबलावर मांडल्या. एकापुढे एक.

अजितचा हात टायच्या गाठीवर गेला. रेडिओवरची 'मंजुघोष' ही अक्षरं त्यानं वाचली, मग घंटेवरची, मग डब्यावरची. चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"हे... हे कुठून आलं?"

"शंतनुच्या पिशवीतून. ओळखता?"

"नाही. म्हणजे, पहिल्यांदाच पाहतोय." त्यानं घाईघाईनं तिन्ही वस्तू पुन्हा पिशवीत कोंबल्या आणि पिशवी आपल्या पायाशी घेतली. "ऑफिसच्या कामाचं असेल. मी ठेवून घेतो."

"नाही हं, ते पोलिसांचं आहे." सौम्यानं वाकून पिशवी काढून घेतली. "शनिवारी संध्याकाळी कुठे होतात?"

"घरी. बायको मुंबईला गेलीय. वीज नव्हती, अंधारात बसून होतो. कुणी पाहिलेलं नाही, मॅडम, मला माहितेय ते कसं दिसतं." त्याच्या कपाळावर घाम होता. "पण मी त्याला हात लावलेला नाही."

बाहेर येऊन ती मागचा जिना चढून गेली. भरदिवसाही तो बंगल्याच्या आणि शेजारच्या भिंतीच्या मध्ये काळोखा होता. पायऱ्या अरुंद. देवाप्पा खालीच उभे राहिले, कठडा दोन्ही हातांनी धरून.

"त्यानंच ढकललं, अक्का. कसा फटफटीत पडला होता बघितलंस ना?"

"घाबरला होता खरा," सौम्या वरून म्हणाली. "कशाला, ते बघायचं."

उतरताना वळणावर तिला पुढची पायरी दिसेना. पायानं चाचपत, भिंतीला हात लावत ती खाली आली. "मामा, शनिवारी तर इथे मिट्ट काळोख असणार," ती म्हणाली.

*

मंडळाचे अध्यक्ष मानसिंग मोरे सौम्याच्या वडिलांचे जुने स्नेही. चामराजपेटेत त्यांचं माडीचं घर. खाली एका बाजूला पत्र्याचे डबे बनवणाऱ्याचं दुकान. जिना चढताना देवाप्पांनी सौम्याचा दंड घट्ट धरला.

खालून आवाज येत होता. ठण, ठण, ठण.

"अक्का," ते कुजबुजले, "आपण फिरून येऊ या का? पोलीस घेऊन?"

"चला वर."

मानसिंग झोपाळ्यावर बसले होते. सत्तरी गाठलेले, एके काळचे धिप्पाड, आता अंगरखा अंगावर लोंबत होता. सौम्या आत येताच त्यांनी विचारलं, "त्या पोराला शुद्ध आली का?"

"अजून नाही, अण्णा."

त्यांनी पायानं झोपाळा थांबवला. शेजारी फोनला लाकडी पेटी घातलेली होती आणि पेटीला कुलूप. किल्ली त्यांच्या गळ्यातल्या साखळीत.

"फोन कुलपात?" सौम्यानं हसून विचारलं.

"बिल केवढं येतंय! आता माझ्याशिवाय कुणी लावत नाही." ते हसले नाहीत.

त्यांच्या पत्नी सोयराबाई कॉफी घेऊन आल्या. "स्वल्प घ्या की. सौम्या, तू वाळलीस ग."

तेवढ्यात अभिराज आला. मानसिंगांच्या धाकट्या भावाचा मुलगा. आईबाप लहानपणीच गेले, वाढवला या दोघांनीच, आणि राहायलाही इथेच. तिशीचा, देखणा, बोलायला मोकळा. दशरत्न मंडळात आणली ती त्यानंच.

सौम्यानं पिशवी उघडून वस्तू खाली मांडल्या. अभिराजनं घंटा उचलून किणकिण वाजवली आणि तो मोठ्यानं हसला.

"काय हो हे? जुन्या बाजारात दुकान टाकताय काय?"

"शंतनुचं आहे."

"पाहिलं तेव्हा वेडसरच वाटायचा तो." त्यानं घंटा खाली ठेवली. "वाईट झालं पण. मी तर त्या संध्याकाळी होसकोटेला होतो, माझ्या कारखान्यात. रविवारी कळलं."

"कारखाना चालू आहे?"

"बंद पडून वर्ष होत आलं," मानसिंग म्हणाले.

"होईल की चालू! दशरत्नचं काम झालं की अजित माझं कमिशन देणार आहे. थोडं दिलंय पण, मशीनवाल्याला पोचवलं मी." त्यानं काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "शनिवारी अण्णा सही करतील. हो की नाही, अण्णा?"

मानसिंगांनी झोपाळ्याची कडी गच्च धरली. ते सौम्यानं पाहिलं, आणि हात पाठीमागे लपवताना मानसिंगांनीही तिला पाहताना पाहिलं.

निघताना वीज गेली. जिना खिडकीशिवायचा. सोयराबाई फडताळातून टॉर्च घेऊन आल्या आणि वर उभ्या राहून उजेड दाखवू लागल्या. तो नेमका देवाप्पांच्या डोळ्यांत गेला.

"सावकाश हो! रोज जाते मेली," त्या म्हणाल्या. "हा आहे म्हणून बरं. चांगला वजनदार आहे, असले आता मिळत नाहीत."

रस्त्यावर आल्यावर देवाप्पांनी श्वास सोडला. "फोन इथूनच येत होता. तो आवाज! आणि कुलपाची किल्ली म्हाताऱ्याच्या गळ्यात. मानसिंगअण्णा, अक्का! मला तर विश्वासच बसत नाही."

"फोन त्यांनीच केले," सौम्या म्हणाली. "मामा, तुमच्याकडे गरुडध्वज सायकल होती ना? आता कुठे मिळते?"

"कुठली मिळतेय! कंपनीच बुडाली. माझ्या सासऱ्यानं तिचे शेअर घेतले होते. शेवटी ते कागद चुलीत घातले. पण त्याचं इथे काय?"

सौम्या रस्त्यातच थांबली. मागून येणाऱ्या रिक्षावाल्यानं कन्नडमध्ये तिचा उद्धार केला, तो तिला ऐकूही आला नाही.

*

गुरुवारी तिनं अजित, मानसिंग आणि अभिराज या तिघांना निरोप धाडला. शुक्रवारी दुपारी इस्पितळात यावं, डॉक्टर शंतनुला भेटू देणार आहेत. सोयराबाईंना वेगळा निरोप होता. सुखदासाठी जेवणाचा डबा आणा, आणि इस्पितळातही वीज जाते, तेव्हा येताना तो टॉर्चही आणा.

सुखदाला कळलं तेव्हा ती दार अडवून उभी राहिली.

"तुम्ही त्यांना इथे बोलावलंत? त्याच्या खोलीपाशी?"

"दाराबाहेर मामा उभे राहतील."

सुखदानं देवाप्पांकडे पाहिलं. देवाप्पांनी छाती पुढे काढली. एका हातानं मात्र त्यांनी दाराची चौकट घट्ट धरून ठेवली होती आणि ते तिला दिसत होतं. तरीही ते दारासमोरून हलले नाहीत, एवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

शुक्रवारी व्हरांड्यातल्या बाकांवर सगळे बसले. अजित टोकाला, मानसिंग आणि सोयराबाई मध्ये, अभिराज उभाच. दारापलीकडे शंतनु डोकं बांधलेला, निपचित. सुखदा उंबऱ्यात, हात आडवा धरून.

"आला का शुद्धीवर?" अभिराजनं विचारलं.

"सांगते," सौम्या म्हणाली. "आधी या तीन वस्तू. मामा, निवृत्त पोलिसांचा मेळावा भरतो ना तुमचा? तिथे जाऊन मी विचारलं, नोकरीत चकमकीत तुमच्यातले किती मेले, तर?"

देवाप्पा विचारात पडले. "आमच्यातले? एकही नाही. मेलेला मेळाव्याला कसा येईल?"

"म्हणून पोलिसाची नोकरी सुरक्षित, असं म्हणायचं का?"

"छे! माझ्या बरोबरीचे दोघे गेले की."

"दशरत्नचा तक्ता म्हणजे तो मेळावा आहे. मी विम्याच्या कचेरीत काम केलंय. तिथे मेलेले आधी मोजतात. अजितरावांनी शंतनुला कंपन्यांची यादी दिली ती आजची. आज बाजारात जिवंत असलेल्यांची. पंधरा वर्षांपूर्वीचे पडेल शेअर त्यानं त्यातूनच निवडले. म्हणजे पडून पुन्हा उठलेले तेवढेच. पडले आणि मेले, ते त्या यादीत नव्हतेच. मंजुघोष, गरुडध्वज, वनराणी. सगळ्या एके काळी शेअर बाजारात होत्या. आज एकही नाही. काल ब्रोकरांकडे विचारून खात्री केली मी."

मानसिंग पुढे वाकले. "मग ती निळी रेघ?"

"ती खरी, अण्णा. सेन्सेक्समधूनही कंपन्या काढतात, पण काढेपर्यंतची घसरण त्याच्या अंगावर लागलेली असते. त्यानं आपला मार खाल्ला. लाल रेघेनं खाल्लाच नाही, म्हणून ती धोक्याशिवाय वर गेलेली दिसते. या सगळ्या त्या वेळी पडेल भावातच होत्या. खरे पैसे लावले असते तर यांच्यातही लागले असते, आणि वसतिगृह बुडालं असतं. शंतनुला जुन्या बाजारात वडिलांचा रेडिओ दिसला आणि त्याला ते उमगलं. 'मी यांना विसरलो होतो.' ह्या वस्तू तो तुमच्यासमोर मांडणार होता."

सुखदाच्या तोंडून एक हुंदका निघाला. "आणि मी त्याला वेडा म्हटलं."

अजितनं मान खाली घातली होती. "गेल्या वर्षी माझ्या लक्षात आलं," तो पुटपुटला. "वाटलं, नंतर दुरुस्त करू. लाल रेघ एवढी सुंदर होती. पण मी त्याला ढकललं नाही!"

"नाही ढकललंत," सौम्या म्हणाली. "तुम्ही या वस्तू पाहताक्षणी ओळखल्यात आणि लगेच पिशवी लपवायला निघालात. शनिवारी तुम्ही त्या जिन्यावर असतात तर पिशवी पोलिसांना मिळालीच नसती. ज्यानं ढकललं त्याला ती भंगार वाटली, म्हणून त्यानं ती तशीच सोडली. फक्त तिच्यातली एक वस्तू उचलली. सुखदाताई, पिशवीत किती वस्तू होत्या?"

"चार. पण तुमच्याजवळ तर..." सुखदा थबकली. "टॉर्च कुठाय?"

"वीज गेलेली. अरुंद गोल जिना. ढकलणारा वर, एकटा, खाली माणूस पडलेला. मी दिवसा उतरले तरी मला चाचपावं लागलं. त्याला उतरायला उजेड हवा होता. पायाशी पिशवी, हाताला टॉर्च लागला. शंतनुच्या हातात असता तर तो त्याच्याबरोबर खाली सापडला असता. घाबरलेला माणूस घरी पोचेपर्यंत हातातली वस्तू विसरतो. फडताळावर ठेवतो. मग घरातलं कुणी ती वापरायला लागतं." ती वळली. "काकू, टॉर्च आणलात?"

सोयराबाईंनी डब्याच्या पिशवीतून 'दीपशिखा' कोरलेला पितळी टॉर्च काढला. त्यांना अजून काहीच उलगडलं नव्हतं. "हा बघ. अभिराजनं आणलाय. शनिवारी होसकोटेहून येताना..."

आणि मग त्यांना उलगडलं. टॉर्च त्यांच्या मांडीवर पडला.

"बाजारात असे शंभर असतील!" अभिराज ओरडला. "त्यावर काय नाव लिहिलंय त्याचं?"

सौम्यानं टॉर्चचं मागचं झाकण फिरवलं. स्प्रिंगखाली घडी घातलेला पुठ्ठा होता. तिनं तो उलगडून सुखदाच्या तळहातावर ठेवला. पुठ्ठ्यावर एक लाल टिकली अजून चिकटलेली होती.

सुखदानं मूठ मिटली आणि ती भिंतीला धरून खाली बसली.

अभिराज शंतनुच्या खोलीच्या दाराकडे वळला. देवाप्पा तिथे होते. डोळे गच्च मिटलेले, पण हात चौकटीच्या दोन्ही बाजूंना लावून. सौम्यानं बोलावून ठेवलेला इन्स्पेक्टर जिन्यावरून वर आला.

"मी नुसतं त्याला समजवायला गेलो होतो," अभिराजचा आवाज फुटला. "म्हणाला, सोमवारी अण्णांना सही करू देणार नाही. माझा कारखाना, माझं सगळं... मी त्याचा शर्ट धरला. तो मागे सरकला, मी सोडलं नाही, ढकललं. अण्णा, मला वाचवा. अण्णा!"

मानसिंग उठले. पुतण्याच्या जवळ गेले, पण त्यांनी त्याला हात लावला नाही.

"त्या रात्री तू जेवला नाहीस," ते म्हणाले. "शर्टाची दोन बटणं तुटलेली. मी विचारलं नाही. मला भीती वाटली, तू खरं सांगशील." ते सुखदाकडे वळले. "अक्का, फोन मी करत होतो. ते पोर शुद्धीवर यावं म्हणूनही करत होतो आणि येऊ नये म्हणूनही. मला माफ करू नका."

मग त्यांनी इन्स्पेक्टरला वाट करून दिली. सोयराबाई पदरात तोंड घालून रडत होत्या. जेवणाचा डबा तसाच बाकावर राहिला.

*

मंडळानं सह्या केल्या नाहीत. अजितच्या भिंतीवरचा तक्ता पोलीस गुंडाळून घेऊन गेले. देवाप्पा आता गल्लीत सगळ्यांना सांगतात की त्यांनी गुन्हेगाराला दारात अडवलं. डोळे मिटले होते ते सांगत नाहीत आणि सौम्याही ते कुणाला सांगत नाही.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी सुखदा कपडे न्यायला घरी आली होती. फोन वाजला.

ती एक पाऊल भिंतीकडे सरकली. मग तिनं रिसीव्हर उचलला. पलीकडे ठण, ठण, ठण. मग म्हातारा आवाज आला.

"अक्का, शुद्ध आली का?"

"आली, अण्णा," सुखदा म्हणाली. "आज सकाळी. पहिल्यांदा टॉर्च कुठाय म्हणून विचारलं."

पलीकडे मानसिंग रडू लागले. सुखदानं फोन ठेवला नाही. ती तिथेच जमिनीवर बसली आणि त्यांचं रडणं थांबेपर्यंत ऐकत राहिली.